मैदानातून माइककडे येताना: निवृत्त फुटबॉलपटूंनो, या चुका टाळा

नाशिकचा पोरगा शाळेकडून खेळतो, जिल्ह्याकडून खेळतो, पुढे मुंबईत एखाद्या बँकेच्या, रेल्वेच्या नाहीतर क्लबच्या संघात जागा मिळवतो. आठ-दहा हंगाम जातात. गुडघा कुरकुरायला लागतो आणि पस्तिशीच्या आतच खेळणं थांबतं. घरी परतल्यावर काही दिवसांत कुणाचा तरी फोन येतो, "दादा, आपल्या स्पर्धेचं लाइव्ह करतोय, माइकवर बसाल का?" बहुतेक जण लगेच हो म्हणतात. आयुष्य मैदानात गेलेल्या माणसाला त्यावर बोलणं काय अवघड, असंच सगळ्यांना वाटतं.

स्थानिक सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचं काम करताना मी आवाज नियंत्रित करणाऱ्या मिक्सरच्या बाजूला बसतो, त्यामुळे हा पहिला दिवस मला जवळून दिसतो. पहिलं बोलावणं नावामुळे येतं. दुसरं यायचं असेल, तर खेळाडूला जे दिसलं आणि घरी बसलेल्याला दिसलं नाही, ते त्याने नेमक्या वेळी, थोडक्यात सांगायला हवं. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्या बहुतेक याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. हे लोक या कामात टिकावेत असं मला मनापासून वाटतं. क्रिकेटला बाळ ज. पंडितांपासून मराठी समालोचनाची सवय आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर केदार जाधव मराठीतून समालोचन करत होता आणि त्याच हंगामाच्या मध्यात बंगळुरूने त्याला खेळायला बोलावून घेतलं. फुटबॉलच्या वाट्याला मराठीत तेवढं काहीच आलेलं नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरतात तेव्हा गल्लीगल्लीत मराठीतून फुटबॉल बोलला जातो. आपल्याकडे नाशिकमध्ये ती बोली अजून घडायची आहे, आणि ती घडवायला खेळलेलीच माणसं हवीत.

जे दिसतंय तेच पुन्हा सांगणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

पावसाळ्यातला एक सामना होता. मैदानाच्या कडेला ताडपत्रीखाली टेबल, टेबलावर दोन हेडफोन, एक लॅपटॉप आणि मिक्सरवर प्लास्टिकची पिशवी. माइकवर आमच्याच शहरातले, अनेक वर्षं मुंबईत सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलेले एक दादा. विसाव्या मिनिटाला कॉर्नरवर गोल झाला. दादा म्हणाले, "सुंदर कॉर्नर, सुंदर हेडर, सुंदर गोल!" आवाज छान लागला होता, उत्साहही खरा होता. पण या तिन्ही गोष्टी बघणाऱ्याने आधीच पाहिल्या होत्या.

मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन तेच दादा मला म्हणाले, "अरे, गोल त्या हेडर मारणाऱ्याचा नाहीच. तो नऊ नंबर बघितलास का? आधीच्या दोन्ही कॉर्नरला तो पहिल्या, म्हणजे जवळच्या, खांबाकडे पळाला. चेंडू तिकडे आलाच नाही. तिसऱ्या वेळी बचावातली दोन पोरं सवयीने त्याच्या मागे गेली आणि मागची जागा मोकळी पडली. हे ठरवून केलेलं आहे."

एवढं ऐकायलाच तर त्यांना बोलावलं होतं! मी त्यांना म्हटलं, "दादा, हेच माइकवर सांगा." ते म्हणाले, "एवढं बोलायला वेळ कुठे असतो?" वेळ खरंच कमी असतो. आमच्याकडे गोलची पुनरावृत्ती (रिप्ले) दहा-बारा सेकंद चालते, मोठ्या वाहिन्यांवर थोडी जास्त. तेवढ्यात बसेल असं वाक्य करावं लागतं: "नऊ नंबरकडे बघा, पहिल्या खांबाकडे पळाला, दोघांना सोबत घेऊन गेला, गोल त्याच्या मागे झाला." संपलं. चहावरचं अख्खं बोलणं एका दमात आलं.

हे जमायला आधी स्वतःची जागा ओळखावी लागते. माइकवर सहसा दोघं असतात. मुख्य समालोचक चेंडू कुणाकडे आहे, किती मिनिटं झाली, गोलफलक काय आहे हे सांगत राहतो. तुम्ही तज्ज्ञ. चेंडू खेळात असताना मैदान त्याचं. खेळ थांबला, पुनरावृत्ती लागली, थ्रो-इनला वेळ लागतोय, जखमी खेळाडूवर उपचार चाललेत, तेव्हा पाळी तुमची. चेंडू पुन्हा खेळात येण्याआधी तुमचं वाक्य संपलेलं हवं. निवृत्त खेळाडू इथे हमखास अडकतो: वाक्य लांबतं, तोवर पलीकडे हल्ला सुरू होतो आणि दोघं एकमेकांवर बोलायला लागतात. उपाय साधा आहे. वाक्याची सुरुवातच मुद्द्याने करा. "मला असं वाटतं की, म्हणजे मी जेव्हा खेळायचो तेव्हा" एवढ्यातच पाच सेकंद जातात.

आणि गप्प बसायला घाबरू नका. पेनल्टी घेणारा चेंडू ठेवून मागे जातोय, प्रेक्षक शांत झालेत, त्या क्षणी मैदानाचा आवाजच सगळं सांगतो.

स्टुडिओतलं समालोचन आणखी वेगळं. प्रादेशिक भाषांचं बरंचसं समालोचन मैदानावर न जाता, मुंबईत पडद्यासमोर बसून होतं. खेळाडूला सवय असते अख्खं मैदान डोळ्यांत घेण्याची. पडद्यावर मात्र कॅमेरा दाखवेल तेवढंच. डावा बॅक वर गेलाय का, बचावाची रेषा कुठे आहे, हे फ्रेममध्ये नसलं तर अंदाजाने ठोकून देऊ नका. रुंद दृश्य दिसेपर्यंत थांबा आणि मग बोला.

आपल्या काळचे नियम सांगणं

तुम्ही २०१४ च्या सुमारास खेळणं थांबवलं असेल, तर तुमच्या डोक्यातलं नियमपुस्तक जुनं झालंय. फुटबॉलचे नियम आयफॅब ही संस्था ठरवते आणि नवे बदल साधारणपणे दर वर्षी १ जुलैपासून लागू होतात. माइकवर बसलेला माजी खेळाडू "रेफ्रीने चूक केली" म्हणतो आणि चूक रेफ्रीची नसतेच, हा प्रसंग मी वारंवार पाहिलाय.

कुठे घसरायला होतं ते सांगतो. २०१६ पासून किक-ऑफ मागेही मारता येते. पूर्वी चेंडू पुढेच जावा लागायचा. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. पेनल्टी क्षेत्रात बचावपटूने चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना गोलची स्पष्ट संधी हिरावली, तर पेनल्टी मिळते पण कार्ड पिवळं. ओढलं, ढकललं किंवा चेंडू खेळण्याची शक्यताच नसताना पाडलं, तर लालच. जुन्या बचावपटूंच्या मनात "शेवटचा माणूस म्हणजे लाल" हे इतकं पक्कं बसलेलं असतं, की पिवळं कार्ड निघालं की ते चिडतात.

२०१९ मध्ये तर बरंच बदललं. गोल किक आता पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, चेंडू हलला की खेळ सुरू. फ्री किकच्या वेळी भिंतीत तीन किंवा जास्त बचावपटू असतील, तर आक्रमकांनी भिंतीपासून किमान एक मीटर लांब राहायचं. हँडबॉलची व्याख्या त्या वर्षी नव्याने लिहिली गेली आणि पुढे पुन्हा सुधारली गेली, त्यामुळे हँडबॉलवर बोलायच्या आधी चालू हंगामाचा मजकूर वाचलेलाच हवा. पाच बदली खेळाडूंची मुभा करोनाकाळात तात्पुरती आली आणि २०२२ मध्ये नियमात कायम झाली.

अलीकडचं उदाहरण गोलकीपरचं. त्याने चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरला तर अप्रत्यक्ष फ्री किक, हा नियम आपण सगळे पाठ करून मोठे झालो. रेफ्री तो क्वचितच वापरायचे. २०२५ मध्ये तो बदलला. आता मुदत आठ सेकंदांची, शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो आणि मुदत संपली की समोरच्या संघाला कॉर्नर. हे ठाऊक नसलेला समालोचक तो कॉर्नर बघून गोंधळतो आणि त्याच्याबरोबर बघणारे सगळे गोंधळतात.

आयफॅबचे नियम मोबाइलवर फुकट वाचता येतात. हंगामाच्या आधी एक संध्याकाळ त्याला द्या. त्याहून चांगलं म्हणजे जिल्ह्यातल्या एखाद्या नोंदणीकृत रेफ्रीसोबत बसून समजून घ्या. मैदानात तुम्ही त्यांच्याशी वाद घातला असेल, पण नव्या नियमांच्या बाबतीत तेच तुमचे सगळ्यात चांगले शिक्षक.

नावं

भारतीय फुटबॉलमध्ये मणिपूर आणि मिझोरमची मुलं मोठ्या संख्येने आहेत, केरळ-बंगाल-गोव्याची आहेत, परदेशी खेळाडू वेगळेच. "तो सात नंबर", "तो नॉर्थ-ईस्टचा पोरगा" असं म्हणून वेळ मारून नेणं हा त्या खेळाडूचा अपमान आहे, आणि तुम्ही स्वतः खेळाडू होता म्हणून तो जास्त लागतो. मिझो पुरुषांच्या नावाच्या शेवटी बहुधा 'आ' असतो आणि स्त्रियांच्या 'ई', म्हणून लालियनझुआला छांगतेच्या नावातला शेवटचा स्वर गिळायचा नाही. सामन्याआधी संघाच्या व्यवस्थापकाला गाठून उच्चार विचारा, कागदावर देवनागरीत लिहून घ्या, चार वेळा मोठ्याने म्हणा. शालेय स्पर्धेत तर पोरांनाच विचारा. त्यांना केवढा आनंद होतो!

ऐकीव इतिहास

सामना रटाळ झाला की तज्ज्ञ जुन्या गोष्टी काढतो. काढाव्यातच, पण तपासून. १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही कारण फिफाने अनवाणी खेळायला बंदी घातली, ही गोष्ट मी कित्येक तोंडांतून ऐकलीये. तेव्हाच्या महासंघाने माघार घेतली, कारण त्यांच्या लेखी ऑलिंपिक मोठं होतं आणि विश्वचषकाचं मोल कुणाला नीट कळलेलं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आपले काही खेळाडू अनवाणीच उतरले होते. खऱ्या इतिहासात सांगण्यासारखं पुष्कळ आहे: १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझांची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक आणि भारताचा चौथा क्रमांक, १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ हरवून मिळवलेलं आशियाई सुवर्ण. दंतकथेची गरजच काय?

याला जोडूनच, "आमच्या काळी". चिखल, फाटके बूट, मुंबईच्या कूपरेज मैदानावरची गर्दी हे सगळं खरं असतं, पण एका सामन्यात एकदा पुरे. दुसऱ्यांदा आलं की समोरच्या पोराचा खेळ मागे पडतो.

ओळखीच्या माणसांना सांभाळून घेणं, आणि पोरांना झोडपणं

नाशिक मोठं झालं तरी फुटबॉलचं नाशिक लहानच आहे. आज ज्याच्या चुकीवर बोलाल, तो उद्या कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर भेटणार. एका संघाचा कोच तुमचा जुना जोडीदार, दुसऱ्याचा तुमच्या भाच्याचा कोच, रेफ्री तर शाळेपासूनचा मित्र. मग तज्ज्ञ गुळमुळीत बोलायला लागतो: दोन्ही संघ छान खेळताहेत, रेफ्री छान, आयोजन छान. ऐकणाऱ्याला दहा मिनिटांत कळतं की हा काहीच सांगणार नाहीये.

टीका करायचीच. फक्त ती त्या निर्णयावर करायची, माणसावर नको. "त्याला कळतच नाही" हे माणसावर झालं. "इथे एक पाऊल मागे राहिला असता तर पास अडला असता, पुढे गेल्यामुळे पाठीमागे जागा उघडी पडली" हे निर्णयावर. दुसरं वाक्य ऐकून तो खेळाडूही काही शिकतो आणि टपरीवर भेटल्यावर तुमच्याशी त्याबद्दल बोलूही शकतो. ज्या अकादमीत तुम्ही शिकवता, तिचाच सामना असेल तर सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगून टाका. लपवलं तर पुढचं प्रत्येक वाक्य संशयाने ऐकलं जातं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मापच वेगळं. सुब्रतो कप किंवा तशा शालेय स्पर्धांचे सामने आता लाइव्ह जातात आणि ते यूट्यूबवर तसेच राहतात. चौदा वर्षांच्या गोलकीपरच्या हातातून चेंडू निसटला आणि तुम्ही त्याचं नाव घेऊन हसलात, तर ती क्लिप दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरते. आई-वडील तुमच्या मागेच छत्री धरून उभे असतात. मुलांच्या सामन्यात चांगलं काही केलं तर नाव घ्या, चूक झाली तर "गोलकीपर", "बचाव" एवढंच म्हणा आणि काय करायला हवं होतं ते सांगा. "ओला चेंडू आहे, छातीशी घ्यायला हवा होता." यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. मिक्सरचा आवाज खाली करायचीही माझी तयारी असते.

माइक बंद आहे असं समजणं

ड्रेसिंग रूममध्ये जे बोललं जातं ते माइकजवळ बोलायचं नसतं, आणि माइक बंद आहे हे तुम्ही ठरवायचं नसतं. रॉन अ‍ॅटकिन्सन इंग्लंडमध्ये खेळले, मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक होते आणि पुढे नावाजलेले टीव्ही तज्ज्ञ झाले. एप्रिल २००४ मध्ये मोनॅको-चेल्सी सामन्यानंतर प्रक्षेपण संपलं असं समजून त्यांनी चेल्सीचे फ्रेंच बचावपटू मार्सेल देसायी यांच्याबद्दल वर्णद्वेषी शब्द वापरले. मध्यपूर्वेतल्या काही देशांत आवाज अजून जात होता. त्यांना आयटीव्ही वाहिनीचं काम सोडावं लागलं. जानेवारी २०११ मध्ये माजी स्ट्रायकर अँडी ग्रे यांचं स्काय स्पोर्ट्समधलं जवळजवळ दोन दशकांचं काम असंच संपलं. प्रक्षेपणाबाहेर त्यांनी सहायक रेफ्री सियान मॅसी यांच्याबद्दल केलेली शेरेबाजी बाहेर आली होती. तांत्रिक माणूस हेडफोन काढून घेईपर्यंत तुमचा आवाज बाहेर जातोय असंच धरून चाला. खरं तर जे माइकवर म्हणता येणार नाही, ते रेफ्रीबद्दल किंवा मुलींच्या सामन्याबद्दल माइक बंद असतानाही म्हणायचं कारण नाही.

ऐन वेळच्या अडचणी

आवाज उत्तरार्धात बसतो, कारण पूर्वार्धात घशातून ओरडलेलं असतं. माइक तोंडापाशी आहे, मैदानातल्यासारखं पलीकडच्या बॅकला हाक मारायची नाहीये. कोमट पाणी जवळ ठेवा, बर्फाचं सरबत नको. खोकला आला तर माइक क्षणभर बंद करणारं बटण कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा.

कानात निर्माता बोलतो आणि तुमचं वाक्य तुटतं. हे सगळ्यांचं होतं. घरी एका कानात बातम्या लावून दुसरीकडे पेपर मोठ्याने वाचायचा सराव करा. आठवड्याभरात फरक पडतो. कानातल्या आवाजाला "हो हो" असं उत्तर मात्र देऊ नका, ते सगळ्यांना ऐकू जातं.

चुकीचं नाव घेतलं गेलं तर लगेच "चुकलं, पास आठ नंबरचा होता" म्हणा आणि पुढे चला. माफी लांबवली की तीच लक्षात राहते. मैदानावर वारा सुटला की माइकवर स्पंजची टोपी आहे ना बघा, नसेल तर पाठ वाऱ्याकडे करा. शब्द अडला तर मराठीत तो शोधत बसू नका. ऑफसाइड, थ्रू पास, प्रेसिंग, सेट पीस हे आपल्या मैदानावर बोलले जाणारेच शब्द आहेत. सोपं बोला, पण एकदा समजावून सांगा, कारण घरी आजीही बघत असते.

अंदाज वर्तवताना शेवटचा शब्द टाकू नका. लिव्हरपूलचे माजी बचावपटू ॲलन हॅन्सन बीबीसीवर बचावाचं विश्लेषण करण्यात फार वरच्या दर्जाचे होते. तरी ऑगस्ट १९९५ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून हरलेल्या तरुण मँचेस्टर युनायटेडबद्दल ते म्हणाले की पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. त्याच हंगामात त्या पोरांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. लोकांना आजही हॅन्सन यांचं ते एकच वाक्य आठवतं.

स्वतःचं चॅनल काढताना

दुसऱ्याच्या सामन्याची चित्रफीत उचलून त्यावर बोलणं ही इथली नेहमीची चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रसारकाला आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क दिलाय. समीक्षेसाठी मर्यादित सूट आहे, पण यूट्यूबची यंत्रणा आधी तक्रार नोंदवते, सूट नंतर भांडून मिळवावी लागते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक (हक्कभंगाचे ठपके) आले तर चॅनल बंद होऊ शकतं. चित्रफितीवाचून काम अडत नाही. पाठीमागे पांढरा फळा घ्या, नाहीतर टेबलावर कॅरमच्या सोंगट्या मांडा. एक प्रसंग समजावायला सगळे बावीस लागत नाहीत, पाच-सहा पुरतात. "बचावाची रेषा का तुटली" हे सोंगट्या सरकवत सांगणारा माजी सेंटर बॅक मी तरी तासभर बघेन.

सदस्य थोडे वाढले की पैसे लावायच्या ॲपवाल्यांचे मेसेज यायला लागतात, "फक्त एक स्टोरी टाका." टाकू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करण्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणारी शाळकरी पोरं त्यात पैसे घालवतात, हे त्याहून वाईट. बूट, दवाखाना, क्लास अशा साध्या जाहिराती घेतल्या तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगा.

नोकरी, पैसे, मुंबई

खेळाडू कोट्यातून रेल्वेत, पोलिसात किंवा इतर सरकारी खात्यात असाल तर मानधन घेण्याआधी लेखी परवानगी घ्या. रेल्वेला १९६६ चे आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. "साहेबांना तोंडी सांगितलंय" हे कागदावर टिकत नाही. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला तर तो तुमच्या खात्यावर जमा झालाय का, ते बघत राहा. प्रवास, राहणं आणि रद्द झालेल्या सामन्याचे पैसे हे आधी लिहून घ्या.

मुंबईचं काम मिळालं म्हणून इथलं सगळं सोडू नका. प्रक्षेपणाचं काम हक्कांवर चालतं. भारतीय महासंघ आणि इंडियन सुपर लीग (आयएसएल) चालवणारी कंपनी यांचा २०१० चा १५ वर्षांचा करार २०२५ मध्ये संपत आला, नवा झाला नाही आणि हंगाम कित्येक महिने अडून बसला. खेळाडूंबरोबर समालोचकही घरी बसले. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाल्यापासून मुंबई जवळ आली, हे खरं. तरी रात्रीचा सामना आटोपून मध्यरात्री एकट्याने गाडी हाकत नाशिकला परतू नका. तिथेच राहा आणि त्या रात्रीचं भाडं करारात मागा.

घाई

गॅरी लिनेकर १९९४ मध्ये खेळायचे थांबले आणि बीबीसीच्या 'मॅच ऑफ द डे' या फुटबॉल कार्यक्रमाचे मुख्य सूत्रसंचालक झाले १९९९ मध्ये. इंग्लंडकडून ४८ गोल केलेल्या माणसालाही त्या खुर्चीपर्यंत पोचायला पाच वर्षं लागली. त्यामुळे इथे दोन सामने केल्यावर वाहिनीकडून फोन का येत नाही म्हणून खट्टू होऊ नका. तोवर जिल्हा पातळीचे सामने, मुलींच्या स्पर्धा, आकाशवाणीवरची एखादी मुलाखत, स्थानिक पेपरातलं पाचशे शब्दांचं सदर, जे मिळेल ते करा. लिहिण्याने बोलणं आटोपशीर होतं, हा अनुभव मी अनेकांकडून ऐकलाय.

नमुना पाठवायचा असेल तर असा करा. मोबाइलवर एखादा सामना आवाज बंद करून लावा आणि दुसऱ्या फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी सामना न बघता फक्त आवाज ऐका. किती वेळा नुसतं "छान" म्हणालात, किती वाक्यं अर्धवट सुटली, आणि "का" हे किती वेळा सांगितलंत ते कागदावर मोजा. चार-पाचदा असं झालं की त्यातला दोन मिनिटांचा तुकडा काढा. त्यात एक गोल असावा, एक बचावातली चूक असावी आणि एक असा काळ असावा ज्यात मैदानात फारसं काही घडत नाहीये, कारण ऐकणारा निर्माता तिथेच कान देतो. फाइलच्या नावात तुमचं नाव, खेळायची जागा आणि फोन नंबर लिहा. "ऑडिओ वन" नावाच्या फाइली आमच्याकडे ढीगभर पडून असतात आणि त्या कुणाच्या, हे शोधत बसायला सामन्याच्या आदल्या दिवशी कुणालाच वेळ नसतो.